विद्यापीठाआधीची अमरावती

‘विद्येचे माहेरघर’ हे बिरूद पुण्याने स्वतःकडे ठेवले आहे. वऱ्हाडात मात्र तीन पिढ्यांपासून मुलाला ‘शिकायला पाठवला’ असे म्हटले, की कुठे हे विचारावे लागत नव्हते. मोर्शी, दर्यापूर, चांदूर, अचलपूर, इतकेच काय मूर्तिजापूर-कारंज्याकडचाही मुलगा असेल तर तो अमरावतीलाच असणार. सरकारी कागदावर अमरावतीला विद्यापीठ मिळाले १ मे १९८३ रोजी. म्हणजे विद्यापीठ येण्याच्या किमान पन्नास-साठ वर्षे आधीपासून हे शहर विद्यार्थ्यांचे शहर होते. हे कसे घडले, हा या लेखाचा विषय आहे. माझे उत्तर आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचकाला वाट धरून चालता येईल. अमरावतीला विद्येचे शहर तिच्या महाविद्यालयांनी केले नाही, वसतिगृहांनी केले. खेड्यातल्या मुलाच्या निजण्याची आणि जेवणाची सोय जिथे झाली, तिथे शिक्षण आपोआप रुजले. ती सोय कोणाची झाली आणि कोणाची झाली नाही, हाच या शहराचा खरा इतिहास आहे.

सुरुवात कापसापासून करावी लागते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी अमरावती ही सावकार-व्यापाऱ्यांची श्रीमंत पेठ होती. पेंढाऱ्यांपासून या व्यापाऱ्यांचे रक्षण व्हावे म्हणून निजामाच्या सरकारने १८०७ साली गावाभोवती दगडी परकोट बांधायला घेतला. तो आजही तुकड्यातुकड्याने उभा आहे आणि जवाहर गेट, अंबा गेट, खोलापुरी गेट ही नावे रिक्षावाल्याच्या तोंडी आहेत. १८४२ साली इथल्या एकाच व्यापाऱ्याने एक लाख बैलांच्या पाठीवर कापूस लादून थेट कलकत्त्याला रवाना केला, असे इंग्रजांच्या जुन्या माहितीग्रंथांत म्हटले आहे. आकडा फुगवलेला असू शकतो, पण असा आकडा ज्या गावाबद्दल सांगावासा वाटला, त्या गावाची ऐपत त्यातून कळते. १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला. पुढे कारभारासाठी त्याचे दोन भाग झाले. पूर्व वऱ्हाडाचे ठाणे अमरावती, पश्चिम वऱ्हाडाचे अकोला. ही दोन शहरे तेव्हापासून एकमेकांकडे तिरप्या डोळ्याने पाहत आली आहेत आणि विद्यापीठांच्या गोष्टीतही ते दिसेल.

मग रेल्वे आली. भुसावळहून निघालेला मार्ग अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा करीत १८६७ साली नागपूरला पोहोचला. अकोला थेट मुख्य मार्गावर आले. अमरावती मात्र बाजूला राहिली. वऱ्हाडातली सर्वांत धनाढ्य पेठ, आणि तिच्यासाठी गाडी बदलायची बडनेऱ्याला! काही वर्षांनी कापसासाठी बडनेऱ्याहून सहा मैलांचा फाटा अमरावतीपर्यंत नेला. मुख्य रेल्वेने टाळल्याचा परिणाम लगेच दिसला नाही, कारण कचेऱ्या अमरावतीलाच होत्या. पण हळूहळू सरकी, गाठी आणि जिनांचा मोठा धंदा अकोला, खामगाव या बाजूलाही वाढत गेला. अमरावतीत उरले ते कचेरीभोवतीचे जग: वकील, कारकून, शिक्षक, मामलेदार. ज्या गावात वकील जास्त असतात, तिथे शाळा लवकर होतात, कारण वकिलाला आपला मुलगा वकील करायचा असतो.

रेल्वेने टाळलेले शहर विद्येकडे वळले, असे उदाहरण जगात दुसरे आहे का, हे शोधताना मी सायबेरियातल्या तोम्स्क या शहरापाशी पोहोचलो. आपल्याकडे सायबेरिया म्हटले की बर्फ, काळे पाणी आणि कैदी एवढेच आठवते. पण १६०४ साली एका छोट्या गढीपासून सुरू झालेले तोम्स्क एकोणिसाव्या शतकात सायबेरियातले मोठे व्यापारी आणि कारभाराचे शहर होते. सोन्याच्या खाणी, चहाचा व्यापार, आणि लाकडावर नक्षी कोरलेली श्रीमंतांची घरे. ही घरे आजही त्या शहराची ओळख आहेत. सायबेरियातले पहिले विद्यापीठ तिथेच स्थापायचे १८७८ साली ठरले आणि १८८८ साली ते प्रत्यक्ष सुरू झाले. पहिल्या वर्षी फक्त वैद्यकाची शाखा आणि ७२ विद्यार्थी होते. त्यानंतर सायबेरियाची मोठी रेल्वे आली, ती तोम्स्कला दक्षिणेकडून सुमारे ऐंशी किलोमीटर वळसा घालून गेली. तोम्स्कला मिळाला तायगा नावाच्या स्टेशनवरून १८९६ साली एक फाटा. बडनेराच म्हणायचे! मुख्य रेल्वे जिथे ओब नदी ओलांडते, तिथे १८९३ साली वसलेली वस्ती पुढे नोवोसिबिर्स्क नावाचे महानगर झाली आणि तोम्स्क मागे पडले. मागे पडले ते व्यापारात. विद्येत त्याने आपली जागा सोडली नाही. १९०० साली तिथे तंत्रशिक्षणाची संस्था उघडली आणि लोक त्या शहराला ‘सायबेरियाचे अथेन्स’ म्हणू लागले.

दोन शहरांची तुलना फार ताणू नये हे मला कळते. तोम्स्कच्या विद्यापीठामागे झारचा हुकूम होता, आणि खाणमालक सिबिर्याकोव यांच्या एक लाख रुबलांसारख्या देणग्या होत्या. अमरावतीला असा कोणी सम्राटही मिळाला नाही आणि असा कोणी खाणमालकही नाही. पण दोन गोष्टी मला महत्त्वाच्या वाटतात. एक, तोम्स्कच्या विद्यापीठाबरोबरच विद्यार्थ्यांच्या राहण्यासाठी स्वतंत्र इमारत बांधली गेली, कारण हजार-हजार किलोमीटरवरून येणारा मुलगा राहणार कुठे हा प्रश्न तिथे पहिल्या दिवसापासून होता. दुसरी गोष्ट त्या विद्यापीठाच्या मागणीची. ती करणाऱ्यांत यादरिंत्सेव आणि पोतानिन ही दोन नावे मोठी आहेत. सायबेरिया ही रशियाची वसाहत झाली आहे, तिथली हुशार मुले शिकायला पीटर्सबर्गला जातात आणि परत येत नाहीत, हा त्यांचा आक्षेप होता. सायबेरिया फोडून वेगळा करण्याचा कट केला म्हणून १८६० च्या दशकात त्यांना शिक्षाही झाली होती. यादरिंत्सेव यांच्या १८८२ सालच्या पुस्तकाचे नावच ‘वसाहत म्हणून सायबेरिया’ असे आहे. विदर्भातल्या वाचकाला हे वाचताना काय आठवेल, ते मी सांगायची गरज नाही.

आता परत वऱ्हाडात येऊ.

इथली पहिली शिकलेली पिढी बाहेर शिकली. दादासाहेब खापर्डे आणि रंगनाथ नरसिंह मुधोळकर मुंबईच्या महाविद्यालयांत शिकून आले आणि अमरावतीत वकिली करू लागले. १८९७ साली राष्ट्रीय सभेचे अधिवेशन अमरावतीत भरले, शंकरन नायर अध्यक्ष होते आणि स्वागताची धुरा खापर्ड्यांकडे होती. मुधोळकर पुढे १९१२ साली राष्ट्रीय सभेचे अध्यक्ष झाले. एवढ्याशा गावातून एवढी राष्ट्रीय उंचीची माणसे निघाली, पण गावात महाविद्यालय नव्हते. मॅट्रिक झालेल्या मुलाने नागपूरला हिस्लॉप किंवा मॉरिस कॉलेजात जावे, नाहीतर पुण्या-मुंबईची वाट धरावी. ज्याच्या घरी मनीऑर्डर पाठवण्याची ताकद, त्याचेच हे काम. वऱ्हाडचा इतिहास लिहिताना या पिढीचे गुणगान भरपूर होते आणि ते योग्यही आहे. मात्र ही पिढी जवळजवळ पूर्णपणे शहरी आणि पांढरपेशी होती, हेही त्याच पानावर लिहायला हवे.

१९२३ साली अमरावतीत किंग एडवर्ड कॉलेज सुरू झाले. त्याच वर्षी नागपूर विद्यापीठही स्थापन झाले. हे किंग एडवर्ड कॉलेज म्हणजेच पुढचे विदर्भ महाविद्यालय. आज त्याचे नाव शासकीय विदर्भ ज्ञान विज्ञान संस्था आहे, पण शहरात त्या रस्त्याला ‘व्हीएमव्ही रोड’ असेच म्हणतात आणि अजून शंभर वर्षांनीही तेच म्हणतील. वऱ्हाडातल्या उच्च शिक्षणाचा हा पहिला दरवाजा. प्रश्न असा होता, की त्या दरवाजापर्यंत पोहोचणार कोण. अमरावतीत घर असलेला मुलगा सायकलने जाईल. दर्यापूरच्या खारपाणपट्ट्यातल्या कुणब्याचा मुलगा, धामणगावकडच्या महाराचा मुलगा, मेळघाटातला कोरकू मुलगा, यांनी काय करायचे? फी परवडली तरी रात्री डोके टेकायचे कुठे? जातीने ‘वरच्या’ मुलाला नातेवाईक किंवा वाराने जेवण मिळे. उरलेल्यांना वाड्यात खोली मागायला गेले की पहिला प्रश्न आडनावाचा.

या प्रश्नाचे उत्तर शोधणारा माणूस खेड्यातूनच यायचा होता. पंजाबराव देशमुखांचा जन्म २७ डिसेंबर १८९८ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या पापळ या खेड्यात झाला. चांदूर, कारंजा, मग अमरावतीचे हिंदू हायस्कूल, मग पुण्याचे फर्ग्युसन, आणि १९२० साली इंग्लंड. एडिंबरा आणि ऑक्सफर्ड येथे ते शिकले, बॅरिस्टर झाले आणि वैदिक वाङ्मयातील धर्माचा उगम व विकास या विषयावर त्यांनी डॉक्टरेट मिळवली. १९२६ साली ते परतले. वेदांवर प्रबंध लिहिलेल्या या माणसाने परत आल्यावर काय केले, ते पाहण्यासारखे आहे. अमरावतीत त्यांनी श्रद्धानंद छात्रालय उभे केले. तिथे सर्व जातींची मुले एकत्र राहतील आणि एका पंगतीत जेवतील, असा दंडक होता. १९२७ साली अंबादेवीच्या मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून सत्याग्रहाची चळवळ उभी राहिली, तिच्यातही ते पुढे होते. त्याच वर्षी नोव्हेंबरात अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरात याच प्रश्नावर परिषद भरली आणि तिचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. याच सुमारास बाबासाहेबांचे वडील बंधू बाळाराम यांचे निधन झाले. ती बातमी त्यांना अमरावतीतच मिळाली. त्याच नोव्हेंबरात पंजाबरावांनी सोनार समाजातल्या विमलाबाई वैद्य यांच्याशी आंतरजातीय विवाह केला.

छात्रालय, मंदिर, विवाह. या तीन घटना आपल्याकडे चरित्रांत वेगवेगळ्या प्रकरणांत येतात. मला त्या एकच घटना वाटतात. एका पंगतीत जेवणे, एका गाभाऱ्यासमोर उभे राहणे, एका घरात संसार करणे. कर्मठ शहराला यांपैकी छात्रालय सर्वांत निरुपद्रवी वाटले असावे, आणि सर्वांत दूरगामी तेच ठरले. मंदिराचा सत्याग्रह आश्वासनांमध्ये रेंगाळला. छात्रालयात मात्र दर जूनमध्ये नवी मुले येत राहिली.

१९२८ साली पंजाबराव जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले. सक्तीचे प्राथमिक शिक्षण आणि सार्वजनिक विहिरी सर्वांना खुल्या करणे ही त्यांची तिथली कामे. १९३० साली ते मध्यप्रांत-वऱ्हाडचे शिक्षणमंत्री झाले आणि १९३३ साली राजीनामा देऊन बाहेर पडले. मधल्या काळात, १९३२ साली, दोन गोष्टी झाल्या. हिंदू देवस्थानांच्या संपत्तीविषयीचे विधेयक त्यांनी कौन्सिलात मांडले आणि त्यावरून मोठे वादळ उठले. दुसरी, श्री शिवाजी शिक्षण संस्थेची स्थापना. विधेयक आज फक्त अभ्यासकांना ठाऊक आहे. संस्थेची शाळा नसलेला तालुका मात्र वऱ्हाडात सापडणे कठीण. १९४६ साली अमरावतीत शिवाजी महाविद्यालय निघाले, १९५४ साली अकोल्यात. पुढे दिल्लीला केंद्रीय कृषिमंत्री असताना त्यांनी तिथेही १९६१ साली शिवाजी कॉलेज काढले. ते आज दिल्ली विद्यापीठाचे महाविद्यालय आहे आणि तिथे शिकणाऱ्या मुलांना पापळ कुठे आहे हे बहुधा माहीत नसेल.

शिवाजी संस्थेच्या शाळेतला मुलगा मॅट्रिक झाला, की त्याच संस्थेच्या महाविद्यालयात येई. राहायला वसतिगृह, ते भरले असेल तर गावातल्या तिघाचौघांनी मिळून ‘खोली करून’ राहायचे. ही खोली हा अमरावतीच्या संस्कृतीचा पाया आहे असे मी म्हणतो, तेव्हा काही मित्र हसतात. पण पाहा. ज्वारीचे पीठ, तुरीची डाळ, लाल तिखट आणि शेंगदाण्याची चटणी घरून यायची. स्टोव्हवर वरण शिजायचे. ज्यांचे गाव जवळ, त्यांचा डबा रोज सकाळच्या एसटीने यायचा. कंडक्टर तो स्टँडवर उतरवून द्यायचा आणि रिकामा डबा संध्याकाळच्या गाडीने परत जायचा. आईच्या हातची भाकर वीस-तीस मैल प्रवास करून मुलाला महाविद्यालयात पाठवीत होती. या खर्चाची नोंद कोणत्याही संस्थेच्या जमाखर्चात नाही, आणि वऱ्हाडातल्या शिक्षणाचा सर्वांत मोठा देणगीदार हाच आहे.

या मुलांनी शहराला भाषाही दिली. वर्गात पुस्तकी मराठी आणि खोलीत वऱ्हाडी, अशा दोन भाषांत ही पिढी वाढली. उद्धव शेळके यांची ‘धग’ ही कादंबरी १९६० साली आली. वऱ्हाडी बोली मराठी कादंबरीत ठसठशीतपणे आली ती तिच्यामुळे. सुरेश भट अमरावतीचेच. अकोल्याकडे विठ्ठल वाघ यांनी शिवाजी संस्थेच्या महाविद्यालयात शिकवता शिकवता वऱ्हाडी कविता गावोगावच्या मंचांवर नेली. गावातून आलेले विद्यार्थीच समोर बसलेले असल्याशिवाय प्राध्यापकाला बोलीत कविता म्हणण्याचे धाडस होत नाही.

शिक्षणाची आणखी एक शाखा या शहरात स्वतंत्रपणे वाढली, ती शरीराची. अनंतराव आणि अंबादासपंत या वैद्य बंधूंनी १९१४ साली हनुमान आखाडा सुरू केला. त्याचे पुढे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झाले. मलखांब, लाठी, लेझीम, कुस्ती यांचे शास्त्रशुद्ध शिक्षण देण्याचे हे ठिकाण. हुतात्मा राजगुरू काही काळ इथे शिकायला होते असे सांगितले जाते. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या चमूने तिथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके केली. शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय इथे १९६७ साली निघाले. देशाच्या कानाकोपऱ्यातून मुले अमरावतीला येण्याची सवय मंडळाने लावली, आणि मंडळाच्या आवारातही पुन्हा वसतिगृहच महत्त्वाचे आहे.

या सगळ्या कहाणीत एक मोठी पोकळी आहे आणि ती झाकून पुढे जाणे योग्य नाही. खोली करून राहणारे, डबा मागवणारे, पंगतीत बसणारे हे सगळे मुलगेच होते. विमलाबाई देशमुख स्वतः शिकलेल्या होत्या, पुढे राज्यसभेत गेल्या. पण खेड्यातल्या मुलीला अमरावतीला ‘ठेवणे’ ही कल्पना सामान्य घरात रुजायला आणखी कितीतरी वर्षे जावी लागली. एसटीने येणारा डबा बहिणीने भरलेला असे. ती स्वतः त्याच एसटीने शिकायला येऊ लागली, ती बरीच नंतर.

आता अकोल्याचे विद्यापीठ. १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले. राज्यात कृषी विद्यापीठ काढायचे ठरले, तेव्हा ते कुठे व्हावे यावर रण माजले. विदर्भाची मागणी अकोल्याची होती. कापसाचे हृदय इथे, १९५५ पासून कृषी महाविद्यालय इथे, आणि ज्यांनी देशाचे कृषिखाते दहा वर्षे सांभाळले त्या पंजाबरावांची ही भूमी. ते १९६५ साली वारले होते. १९६७ साली अकोल्यात आंदोलन पेटले, विद्यार्थी रस्त्यावर आले, गोळीबार झाला आणि जीव गेले. विद्यापीठ मागताना माणसे मेली, ही गोष्ट आपल्या राज्याच्या शैक्षणिक इतिहासात जितक्या ठळकपणे यायला हवी तितकी येत नाही. १९६८ च्या मार्चमध्ये राज्याचे कृषी विद्यापीठ राहुरीला झाले. अकोल्याला पंजाबराव कृषी विद्यापीठ मिळाले २० ऑक्टोबर १९६९ रोजी. १९७२ साली परभणी आणि दापोली येथेही कृषी विद्यापीठे झाली. यादरिंत्सेवला सायबेरियाचे विद्यापीठ मिळवायला लेख लिहावे लागले आणि तुरुंग सोसावा लागला. आपल्याकडे अकोल्याच्या पोरांना गोळ्या खाव्या लागल्या.

त्या विद्यापीठाने काय दिले, याचा हिशेब शेतकरी आपल्या परीने करतो आणि तो नेहमी गोड नसतो. कापसाचे संकरित वाण निघाले. पीकेव्ही मिनी डाळ मिल मात्र मला सर्वांत आवडते. तुरीची डाळ गावातच करता यावी आणि डाळीतला नफा गावातच राहावा, या साध्या विचाराचे ते यंत्र आहे. विद्यापीठाच्या शिवारफेरीला शेतकरी अजून येतात, आणि डिसेंबरच्या अखेरीस पंजाबरावांच्या जयंतीच्या सुमारास भरणाऱ्या प्रदर्शनाला तर जत्रेचे रूप असते. पण याच पट्ट्यात शेतकऱ्यांच्या आत्महत्याही झाल्या, होत आहेत. कृषी विद्यापीठ दाराशी असूनही असे का, हा प्रश्न विद्यापीठाला विचारावा तितकाच तो कापसाच्या भावाला आणि कर्जाच्या व्यवहारालाही विचारावा लागतो. तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

अकोल्याला एक विद्यापीठ मिळाल्यानंतर चौदा वर्षांनी अमरावतीला दुसरे मिळाले. नागपूर विद्यापीठातून वऱ्हाडाचे जिल्हे वेगळे काढून ते केले. तोवर अमरावतीत १९६४ पासून शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय होते. ज्या वर्षी विद्यापीठ आले, त्याच १९८३ साली बडनेऱ्याला खासगी अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले. रेल्वेचा जुना फाटा आता विद्यार्थ्यांनी भरू लागला. विद्यापीठाचे आवार मार्डी रस्त्यावर, शहराच्या कडेला, डॉ. शिवाजीराव पटवर्धनांच्या तपोवनाजवळ आहे. कुष्ठरोग्यांना समाजाने जिथे बाहेर ठेवले, त्याच टोकाला शहराने आपले विद्यापीठ ठेवले, हा योगायोग मला नेहमी विचारात पाडतो.

२००५ साली विद्यापीठाला संत गाडगेबाबांचे नाव देण्यात आले. शाळेचे तोंड न पाहिलेल्या माणसाचे नाव विद्यापीठाला, यावर कीर्तनकार आणि पाहुणे भाषणांत बरेच बोलतात. मला त्यापेक्षा दुसरी गोष्ट नेमकी वाटते. बाबांनी आयुष्यभर बांधले काय? धर्मशाळा. पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी, मुंबईला इस्पितळाजवळ. परगावी गेलेल्या गरीब माणसाला रात्री डोके टेकायला जागा. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर त्यांनी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला विद्यार्थ्यांच्या वसतिगृहासाठी देऊन टाकली. म्हणजे धर्मशाळा आणि वसतिगृह यांतला फरक फक्त मुक्कामाच्या लांबीचा आहे, हे त्यांना नीट कळले होते. वसतिगृहांनी घडवलेल्या शहराच्या विद्यापीठाला धर्मशाळा बांधणाऱ्याचे नाव मिळाले. नाव देणाऱ्यांनी एवढा विचार केला होता की नाही, कोण जाणे.

अलीकडे २०२४ साली अमरावती जिल्ह्यातच रिद्धपूर येथे मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले. ‘लीळाचरित्र’ जिथे लिहिले गेले, त्या तेराव्या शतकातल्या महानुभावांच्या गावात एकविसाव्या शतकातले विद्यापीठ. तिथे दूरवरून येणाऱ्या मुलांच्या राहण्याची सोय किती लवकर होते, यावर त्याचे यश ठरेल असे मला वाटते. या लेखाचा रोख पाहता वाचकाला हे अनपेक्षित नसावे.

अमरावतीचे आजचे चित्र बदलले आहे. गाडगेनगर, रुख्मिणीनगर, कठोरा नाक्याकडच्या घरांवर ‘मुलींसाठी रूम’ अशा पाट्या आहेत. आता मुली मोठ्या संख्येने येतात, आणि ही या शहराची गेल्या तीस वर्षांतली सर्वांत चांगली बातमी आहे. डब्याची जागा मेसने घेतली. अभ्यासिकांमध्ये स्पर्धा परीक्षेची मुले पहाटेपासून बसलेली असतात. आणि ज्याच्या बापाला जमते, तो पुण्याला पाठवतो. शंभर वर्षांपूर्वी वकिलांची मुले जात होती, आता शेतकऱ्यांची जातात. तोम्स्कची कुरकूर जशी होती तशीच आपलीही आहे: गेलेले परत येत नाहीत.

या सगळ्याचा इतिहास लिहायचा तर साधने कोणती? राजपत्रे आहेत, संस्थांच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिका आहेत, चरित्रे आहेत. यादव माधव काळे यांचा ‘वऱ्हाडचा इतिहास’ १९२४ चा, म्हणजे ही कहाणी सुरू होण्याच्या उंबरठ्यावर थांबतो. जे सर्वांत जास्त सांगू शकले असते ते साधन म्हणजे वसतिगृहांच्या प्रवेशाच्या नोंदवह्या. मुलाचे नाव, गाव, जात, वडिलांचा धंदा, फी रोख की धान्यात, कोणत्या वर्षी आला, कधी सोडून गेला आणि का. एका जुन्या वसतिगृहात मी या वह्यांची चौकशी केली. रंगकाम चालू असताना जागा हवी म्हणून त्या रद्दीत घातल्या, असे उत्तर मिळाले. उत्तर देणारा कर्मचारी स्वतः तिथेच राहून शिकलेला होता. त्याचे स्वतःचे नावही त्या वह्यांत असणार हे मी त्याला म्हणालो, तेव्हा तो क्षणभर गप्प झाला. मग त्याने टेबलाचा खण उघडून एक पातळ वही काढली. ती भोजनगृहाची होती, नावांची नव्हती. तारीखवार ज्वारी किती, डाळ किती, पाने किती याची वही. तिच्यातल्या ‘पाने’ या रकान्याचे आकडे मी उतरवून घेतले आहेत. दर वर्षी जूनमध्ये ते चढतात, पेरणीच्या दिवसांत थोडे उतरतात, आणि कापूस वेचणीच्या दिवसांत पुन्हा उतरतात.